'हाउंड डॉग' नेमकं कुणाचं?

१३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओत विली मे थॉर्नटन या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय गायिकेनं 'हाउंड डॉग' हे गाणं दोन टेकमध्ये ध्वनिमुद्रित केलं. जवळजवळ चार वर्षांनी, २ जुलै १९५६ रोजी, २१ वर्षांच्या एल्व्हिस प्रेस्लीनं न्यूयॉर्कला आरसीए व्हिक्टरच्या स्टुडिओत त्याच नावाचं गाणं तब्बल ३१ टेक घेऊन पुरं केलं. पहिल्या तबकडीच्या सुमारे पाच लाख प्रती खपल्याचं सांगितलं जातं, तर दुसरीच्या एकट्या अमेरिकेत चाळीस लाखांच्या आसपास. या गाण्यापायी आपल्याला ५०० डॉलरचा एकच चेक मिळाला, असं थॉर्नटन शेवटपर्यंत सांगत होती.

या गाण्यावर आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक या दोनच तबकड्यांभोवती घुटमळतं. एका बाजूचं म्हणणं असं की गोऱ्या मुलानं काळ्या बाईचं गाणं पळवलं. दुसऱ्या बाजूचं उत्तर असं की गाणं लिहिलं होतं दोन गोऱ्या मुलांनीच, मग पळवापळवी कसली? माझ्या मते दोन्ही बाजू गोष्ट अर्ध्यावर सोडतात. या दोन तबकड्यांच्या मध्ये आणखी डझनभर तबकड्या आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत, लास वेगासच्या हॉटेलात रोज रात्री वाजणारा एक बँड आहे आणि दूरचित्रवाणीवरचा एक बॅसेट जातीचा कुत्राही आहे. हा सगळा रस्ता पायाखाली घातल्याशिवाय कुणी काय घेतलं आणि कुणाचं काय गेलं, याचा नीट हिशेब लागत नाही.

सुरुवात त्या काळच्या बाजारापासून करावी लागते. कृष्णवर्णीयांच्या संगीताला अमेरिकेतला रेकॉर्ड धंदा 'रेस रेकॉर्ड्‌स' म्हणत असे. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं ते नाव टाकून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव स्वीकारलं. ते सुचवलं होतं तिथल्या जेरी वेक्सलर या तरुण पत्रकारानं. नाव बदललं तरी भिंती तशाच राहिल्या. पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या याद्या वेगळ्या, रेडिओ स्टेशनं वेगळी, रेकॉर्डची दुकानंही बरीचशी वेगळी. मोठ्या कंपन्यांचं या तिसऱ्या यादीकडे फारसं लक्ष नव्हतं, त्यामुळे ती चालवत होत्या छोट्या, एकेका माणसाच्या मर्जीवर चालणाऱ्या कंपन्या. ह्यूस्टनची 'पीकॉक रेकॉर्ड्‌स' त्यांपैकीच एक. तिचा मालक डॉन रोबी स्वतः कृष्णवर्णीय होता. नाइटक्लबच्या धंद्यातून वर आलेला, व्यवहारात अत्यंत कठोर. हे आधीच सांगतो आहे, कारण थॉर्नटनला ज्यानं ५०० डॉलरवर वाटेला लावलं तो माणूस गोरा नव्हता. या गोष्टीत वर्णभेद पानोपानी आहे. पण सगळं काही त्याच एका कारणावर ढकललं, तर रोबीसारखी माणसं नजरेतून सुटतात.

थॉर्नटनचा जन्म १९२६ मध्ये अलाबामात झाला. चौदाव्या वर्षी ती एका फिरत्या नाटक-नाच-गाण्याच्या कंपनीत शिरली आणि काही वर्षं दक्षिणेतल्या गावोगावी हिंडली. ड्रम आणि हार्मोनिका ती ऐकून-बघून शिकली. १९४८ च्या सुमारास ती ह्यूस्टनला स्थिरावली, १९५१ मध्ये रोबीशी करार केला. उंच, धिप्पाड देह, अनेकदा पुरुषी कपडे आणि मायक्रोफोनची गरजच पडू नये असा आवाज. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये १९५२ मध्ये तिचा कार्यक्रम गाजला आणि तिथूनच 'बिग मामा' हे नाव तिला चिकटलं. रोबीनं तिची गाठ घालून दिली जॉनी ओटिसशी. ओटिस हा ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा. वाढला कृष्णवर्णीय वस्तीत, लग्न तिथंच केलं आणि आपण त्याच समाजाचे आहोत, असंच तो आयुष्यभर मानत आला. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा वाद्यवृंद होता, नवे गायक हेरण्याची नजर होती.

ओटिसनं ओळखीच्या दोन गीतकारांना थॉर्नटनची तालीम ऐकायला बोलावलं. जेरी लीबर आणि माइक स्टोलर. दोघंही ज्यू, दोघंही १९ वर्षांचे. लीबर बाल्टिमोरचा. तिथं त्याच्या आईचं दुकान कृष्णवर्णीय वस्तीला लागून होतं, त्यामुळे तिथली बोली त्याच्या कानात मुरलेली. स्टोलर पियानो वाजवणारा, लहानपणापासून बुगी-वुगीच्या नादी लागलेला. थॉर्नटनचा आवाज आणि देहबोली बघून दोघं चक्रावले. गाडीतून परतताना लीबर टपावर हातानं ताल धरून ओळी जुळवत होता आणि स्टोलरच्या घरी पियानोपाशी पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गाणं उभं राहिलं.

गाण्याचा विषय त्या बोलीत ज्याला 'हाउंड डॉग' म्हणत, तो पुरुष आहे. बाईच्या जिवावर खाणारा, गोड बोलून दाराशी शेपूट हलवत येणारा. बाईनं त्याला ओळखलं आहे आणि ती त्याला बाहेर काढते आहे. ना रडगाणं, ना विरहाची आळवणी. नेमकं हे कसं गायचं यावरून तालमीत खटका उडाला. थॉर्नटननं आधी ते मंद, गोड प्रेमगीतासारखं म्हणायला घेतलं. लीबरनं हे असं नाही म्हटल्यावर, गोऱ्या पोरानं मला गाणं शिकवू नये, असं तिनं त्याला चांगलंच सुनावलं. ओटिसनं मध्यस्थी केली, लीबरनं स्वतः गाऊन दाखवलं आणि मग तिला गाण्याचा रोख सापडला. रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमचा ठेका मनासारखा बसेना, म्हणून ओटिस स्वतः ड्रमवर बसला. काचेपलीकडे बसून रेकॉर्डिंग सांभाळायला कुणी उरलं नाही, म्हणून ती जबाबदारी या दोन पोरांवर आली. पुढे अमेरिकेतले सर्वांत नामवंत रेकॉर्ड निर्माते म्हणून जे दोघे ओळखले गेले, त्यांच्या निर्मितीच्या कामाची ही सुरुवात.

ही तबकडी आज ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती तिची सुस्त, दबा धरून बसलेली लय. बारा बारचा ब्लूज म्हणजे आपल्या हिशेबानं ४८ मात्रांचं आवर्तन. पण थॉर्नटन त्या आवर्तनात सरळ चालत नाही. शब्द मागे ओढते, ओळ समेच्या पुढे नेऊन सोडते, मध्येच घशातून गुरकावते. पीट लुइसची गिटार सुरू झाली की ती थांबत नाही. त्याच्याशी बोलते, त्याला चिथावते, हसते आणि शेवटी वादक मंडळी कुत्र्यांसारखी भुंकतात, विव्हळतात. तीन मिनिटांहूनही कमी वेळात एक आख्खं भांडण आपल्यासमोर घडतं. हे बोलणं, हे ओरडणं, ही गुरकावणी कागदावर लिहिलेली नव्हती. मला शब्द दिले होते, बाकी सगळं माझं, असं थॉर्नटन पुढे मुलाखतींमधून सांगत राहिली. कानाला तिचं म्हणणं पटतं. या वादात माझा पहिला मुद्दा इथेच आहे: लीबर आणि स्टोलरनं गाणं लिहिलं हे निर्विवाद, पण तबकडीवर जे आहे त्यातला मोठा वाटा लिहिता येण्यासारखाच नव्हता आणि जे लिहिता येत नाही, ते त्या काळचा कायदा बघतच नव्हता.

पीकॉकनं १९५३ च्या सुरुवातीला तबकडी बाजारात आणली. रेकॉर्डिंगला कित्येक महिने उलटून गेले होते. ओहायोतल्या डेटन गावी कार्यक्रमाला जाताना गाडीतल्या रेडिओवर आपलं गाणं अचानक कानी पडलं आणि ते देशभर गाजतंय हे निवेदकाकडून कळलं, अशी आठवण थॉर्नटननं सांगितली आहे. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

त्यानंतर जी झुंबड उडाली ती या गाण्याच्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक लेखांतून गाळला जातो. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबासारखी तिकडे 'आन्सर साँग'ची रीत होती. गाजलेल्या गाण्याला दुसऱ्यानं त्याच चालीत उत्तर द्यायचं. थॉर्नटनची तबकडी आल्यावर काही आठवड्यांतच मेम्फिसच्या सॅम फिलिप्सनं आपल्या 'सन रेकॉर्ड्‌स'वर रूफस थॉमसकडून 'बेअर कॅट' गाऊन घेतलं. थॉमस हा मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ स्टेशनवरचा लाडका निवेदक. उत्तर त्या हाकललेल्या पुरुषाच्या बाजूनं होतं. चाल जवळपास जशीच्या तशी, गीतकार म्हणून नाव मात्र फिलिप्सचं. गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि सन रेकॉर्ड्‌सला पहिलं खणखणीत यश मिळालं. रोबीनं लगेच खटला भरला आणि जिंकला. उत्तर म्हणून का होईना, दुसऱ्याची चाल फुकट वापरता येत नाही, हा धडा त्या निकालानं सगळ्या छोट्या कंपन्यांना मिळाला. फिलिप्सला नुकसानभरपाई आणि रॉयल्टी मोजावी लागली. त्याची तिजोरी नेहमीच डळमळीत असे. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये एल्व्हिसचा करार ३५,००० डॉलरला आरसीएला विकायची वेळ त्याच्यावर आली, त्यामागे पैशाची ही चणचण होती. त्या चणचणीला 'बेअर कॅट'च्या खटल्यानं हातभार लावला, असं काही इतिहासकार मानतात. हा धागा मला थोडा ताणलेला वाटतो, कारण मध्ये अडीच वर्षं गेली होती. तरी थॉर्नटनच्या गाण्याची सावली एल्व्हिसच्या आयुष्यावर त्यानं ते गाण्याआधीच पडली होती, एवढं खरं.

उत्तरं आणखीही आली. रॉय ब्राउननं 'मिस्टर हाउंड डॉग्ज इन टाउन' गायलं. शिकागोच्या जॉन ब्रिमनं 'रॅटलस्नेक' मुद्रित केलं. याच वर्षी कंट्रीवाल्यांनीही गाणं उचललं. बॉब विल्सच्या वाद्यवृंदात नाव कमावलेला टॉमी डंकन, बेट्सी गे, बिली स्टार, जॅक टर्नर अशा अनेकांच्या तबकड्या १९५३ मध्येच निघाल्या. म्हणजे गोऱ्या गायकांनी हे गाणं उचलण्याची सुरुवात एल्व्हिसनं केली, ही समजूत साफ चुकीची आहे. याद्यांमधल्या भिंती दुकानदारांनी घातल्या होत्या, गाणारे त्या रोजच ओलांडत होते. डंकन किंवा टर्नर यांच्या तबकड्या मात्र आज संग्राहकांपलीकडे कुणाला ठाऊक नाहीत. भिंत ओलांडणं पुरेसं नसतं, ती ओलांडल्यावर पलीकडे मोठी कंपनी आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा उभा असावा लागतो, हे एल्व्हिसच्या बाबतीत पुढे दिसलं.

गाण्याला खरं वळण मिळालं ते फिलाडेल्फियाच्या फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या बँडकडून. १९५५ मध्ये 'टीन रेकॉर्ड्‌स' या छोट्या कंपनीचा बर्नी लो यानं बेलला सुचवलं की शब्द जरा सोज्वळ केले तर गाणं सगळ्या वयाच्या श्रोत्यांत चालेल. बेलनं शब्द बदलले. घरातून हाकलला जाणारा पुरुष गेला आणि त्याच्या जागी खराखुरा कुत्रा आला, तोही शिकारीत अपयशी ठरलेला, एक ससासुद्धा न पकडणारा. बाई गेली, दार गेलं, भांडण गेलं. राहिली ती एक मजेदार चिडवाचिडवी. सोबतीला लॅटिन वळणाचा, नाचायला सोपा ठेका आला. बेलच्या तबकडीला फार यश मिळालं नाही, पण लास वेगासच्या सँड्‌स हॉटेलात त्याच्या कार्यक्रमात हे गाणं रोज टाळ्या घेई.

एल्व्हिसला ते तिथेच सापडलं. १९५६ च्या एप्रिल-मे मध्ये वेगासच्या न्यू फ्रंटियर हॉटेलात त्याचा दोन आठवड्यांचा कार्यक्रम होता आणि मध्यमवयीन, जेवायला आलेल्या त्या श्रोत्यांपुढे तो पडला. रिकाम्या वेळात तो आणि त्याचे वादक सँड्‌समध्ये बेलचा कार्यक्रम ऐकायला जात. त्यानं बेलचे शब्द, बेलची मांडणी घेतली आणि स्वतःच्या कार्यक्रमाचा शेवट म्हणून हे गाणं वापरायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांचं संगीत मनापासून ऐकणाऱ्या मेम्फिसच्या या पोराला थॉर्नटनची तबकडी माहीत असणं अगदी शक्य आहे. पण त्यानं जे गायलं ते थॉर्नटनचं नव्हतं. पळवापळवीचा आरोप करायचाच, तर आधी तो बेलवर करावा लागेल आणि बेल तर बापडा विस्मृतीत गेला.

यानंतर गाण्याला आग लावली ती दूरचित्रवाणीनं. ५ जून १९५६ ला मिल्टन बर्लच्या कार्यक्रमात एल्व्हिस गिटार न घेता उभा राहिला. गाणं संपत आलं असं वाटत असताना त्यानं अचानक लय निम्म्यावर आणली आणि मायक्रोफोनचा दांडा धरून कमरेच्या संथ हेलकाव्यांवर शेवटचा भाग गायला. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी त्याला झोडपलं. 'अमेरिका' या कॅथलिक साप्ताहिकानं वाचकांना त्याच्यापासून सावध राहायला सांगितलं. या गदारोळाला थोपवायचं म्हणून १ जुलैला स्टीव्ह अ‍ॅलननं आपल्या कार्यक्रमात त्याला कोट घालून, अजिबात हलायचं नाही या अटीवर, एका खऱ्याखुऱ्या बॅसेट हाउंडसमोर हे गाणं म्हणायला लावलं. एल्व्हिसनं सौजन्यानं ते निभावलं, पण हा अपमान त्याच्या मनाला लागला होता. दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डिंग होतं.

२ जुलैच्या त्या तबकडीत ही चीड ऐकू येते असं मला वाटतं. ३१ टेक म्हणजे गायक हट्टाला पेटला होता. डी. जे. फॉन्टानाचे मशिनगनसारखे ड्रम, स्कॉटी मूरची जवळपास ओरबाडणारी गिटार, बिल ब्लॅकचा बेस, मागे जॉर्डनेअर्स या गायकवृंदाच्या टाळ्या. शब्दांना अर्थ फारसा उरलेला नाही. लीबर तर ते शब्द शेवटपर्यंत निरर्थक म्हणत राहिला आणि गीतकार म्हणून त्याची तक्रार अगदी रास्त होती. पण त्या निरर्थकपणातच एल्व्हिसनं वेगळं काही साधलं. त्याचं गाणं कुणा एकाला उद्देशून नाही. आपल्याला गप्प उभं राहायला सांगणाऱ्या सगळ्या मोठ्यांना उद्देशून आहे. म्हणूनच मी या तबकडीला थॉर्नटनची कमअस्सल नक्कल म्हणणार नाही. ती वेगळी कलाकृती आहे आणि तिच्या जागी ती उत्तम आहे. दोन्हींत डावं-उजवं करायला सांगितलं तर मात्र मी क्षणाचाही विचार न करता थॉर्नटनची बाजू घेईन. तिच्या तबकडीत एक बाई आहे, तिचा पूर्वेतिहास आहे, तिचा निर्णय आहे. एल्व्हिसच्या तबकडीत जोश आहे, पण माणूस नाही.

त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराचं 'डोन्ट बी क्रूएल' होतं. दोन्ही बाजू मिळून ती ११ आठवडे पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर राहिली. हा विक्रम १९९२ पर्यंत टिकला. पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत ती अव्वल ठरली. ९ सप्टेंबरला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात एल्व्हिस आला तेव्हा अमेरिकेत सुरू असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक संच त्याच्यावर लागलेले होते आणि तिथंही त्यानं हे गाणं म्हटलं.

या धामधुमीत माइक स्टोलर युरोपहून 'आंद्रेआ डोरिया' या जहाजानं परतत होता. २५ जुलै १९५६ च्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि ते जहाज बुडालं. त्यावरचे ४६ जण दगावले. स्टोलर आणि त्याची पत्नी वाचले. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर लीबर कोरडे कपडे घेऊन उभा होता आणि त्यानं तिथंच बातमी दिली की आपलं गाणं प्रेस्ली नावाच्या कुणीतरी गायलंय आणि ते तुफान चाललंय. स्टोलरला हे नावच ठाऊक नव्हतं.

आता पैशाकडे वळतो, कारण 'कुणाचं' या प्रश्नाचं उत्तर तिथं लपलेलं आहे. १९५३ मध्ये लीबर-स्टोलरनाही रोबीकडून फारसं काही हाती लागलं नव्हतं. त्यानं दिलेला १,२०० डॉलरचा चेक वटलाच नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. गीतकार म्हणून ओटिसचंही नाव सुरुवातीला जोडलेलं होतं. एल्व्हिसची तबकडी धो धो चालू लागल्यावर ओटिसनं आपला वाटा मागण्यासाठी दावा लावला आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं तो फेटाळला. गाणं कायद्यानं लीबर-स्टोलरचं ठरलं. एल्व्हिसच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकारांना आणि प्रकाशनहक्काच्या मालकांना पैसे मिळत गेले. या सगळ्या खटल्यांत, दाव्यांत, वाटाघाटींत एक माणूस पक्षकारसुद्धा नव्हता: विली मे थॉर्नटन.

याला कुणा एकाचा दुष्टपणा जबाबदार नाही, कायद्याची बांधणीच तशी होती. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एकदा गाणं ध्वनिमुद्रित झालं की ते दुसऱ्या कुणालाही मुद्रित करता येई. अट एकच, प्रत्येक प्रतीमागे हक्कधारकाला दोन सेंट द्यायचे. हा दर जवळजवळ सात दशकं बदलला नाही. कव्हरची सगळी परंपरा या तरतुदीवर उभी आहे आणि ती तरतूद मला मुळात चांगली वाटते, कारण तिच्यामुळे गाणी कुलूपबंद राहिली नाहीत. पण हक्क होता शब्दांना आणि चालीला. ध्वनिमुद्रणाला, म्हणजे गायकाच्या आणि वादकाच्या प्रत्यक्ष कामगिरीला, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत संरक्षणच नव्हतं. अमेरिकेतलं साधं एएम-एफएम रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा आजही गीतकाराला पैसे मिळतात, गायकाला नाही. थॉर्नटनची गुरकावणी, तिची ओढलेली लय, गिटारशी चाललेला तिचा संवाद यांची नोंद घेईल असा रकानाच त्या व्यवस्थेत नव्हता. तिला उरला फक्त रोबीचा करार आणि रोबीचे करार कसे असत ते आपण पाहिलं.

अभ्यासकांनी हे हळूहळू ओळखलं. सुरुवातीच्या रॉक इतिहासांत थॉर्नटन बहुधा एका ओळीत, एल्व्हिसच्या गाण्याची 'मूळ गायिका' म्हणून येई. १९८१ मध्ये अ‍ॅलिस वॉकरनं 'नाइन्टीन फिफ्टी-फाइव्ह' ही कथा लिहिली. गाजलेला गोरा गायक वर्षानुवर्षं मूळ गायिकेकडे येत राहतो, कारण आपण गातोय त्या गाण्याचा अर्थ त्याला कळलेला नसतो. पात्रं काल्पनिक असली तरी रोख उघड आहे. माझ्या वाचनात या विषयावरचं सर्वांत समंजस लेखन तेच आहे, कारण वॉकर गायकाला खलनायक करत नाही. पीटर गुरालनिकच्या १९९४ च्या एल्व्हिस चरित्रात वेगासचा, बेलचा प्रसंग तपशिलानं आला आणि सरळ चोरीची कथा ढासळली. मॉरीन मेहनच्या २०२० मधल्या 'ब्लॅक डायमंड क्वीन्स'नं थॉर्नटनला एल्व्हिसच्या पार्श्वभूमीतून बाहेर काढून रॉकच्या पायाभरणीत उभं केलं. दिशा योग्य आहे. उणीव एवढीच की बेल, थॉमस, डंकन यांच्या मधल्या तबकड्यांना अजूनही कुणी सलग ऐकून, एकमेकींशेजारी ठेवून पुरेसा न्याय दिलेला नाही.

थॉर्नटनचं पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. १९५४ च्या नाताळच्या रात्री ह्यूस्टनच्या रंगमंचामागे तिचा सहकलाकार जॉनी एस पिस्तुलाशी खेळताना गोळी सुटून मेला, तेव्हा ती तिथं होती. पन्नासचं दशक संपता संपता ती कॅलिफोर्नियात गेली, छोट्या क्लबांत गाऊ लागली. १९६५ मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलबरोबर ती युरोपात गेली आणि लंडनमध्ये बडी गायच्या गिटारच्या साथीनं 'हाउंड डॉग' पुन्हा मुद्रित केलं. आवाज आणखी रुंद झालेला, घाई अजिबात नाही. ज्यांनी १९५३ ची तबकडी ऐकली आहे त्यांनी ही जरूर शोधून ऐकावी. या वेळी गाणं शिकवायला किंवा सुधारायला समोर कुणी नव्हतं. तिनं स्वतः लिहिलेलं 'बॉल अँड चेन' जॅनिस जॉप्लिननं १९६७ मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात गायलं आणि ती एका दुपारीत प्रसिद्ध झाली. जॉप्लिननं थॉर्नटनची परवानगी घेतली होती, तिचं नाव ती आदरानं सांगत असे. तरीही त्या गाण्याचे हक्क आधीच्या एका रेकॉर्ड कंपनीकडे अडकलेले असल्यानं पैसा पुन्हा दुसरीकडेच गेला. म्हणजे ज्या वेळी ती गीतकारही होती, त्याही वेळी करारानं तिला हरवलं. २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोलीत, ५७ व्या वर्षी ती गेली. एकेकाळचा धिप्पाड देह आजारानं पार वाळला होता. तिला इंगलवुडच्या दफनभूमीत इतरांबरोबरच्या सामाईक जागेत पुरलं.

गाणं मात्र थांबलं नाही. १९५६ नंतरची कव्हरं शेकड्यांनी मोजावी लागतील आणि त्यातली बहुतेक एल्व्हिसच्याच वाटेनं जातात, त्यामुळे त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. जेरी ली लुइस, लिटल रिचर्ड, चबी चेकर यांनी ते गायलं. जिमी हेन्ड्रिक्सनं १९६७ मध्ये बीबीसीच्या स्टुडिओत खेळकरपणे वाजवलं. जॉन लेननं ३० ऑगस्ट १९७२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये म्हटलं. एरिक क्लॅप्टननं १९८९ च्या 'जर्नीमन'मध्ये घेतलं. मला महत्त्वाची वाटतात ती बायकांनी गायलेली रूपं. कोको टेलर आणि एटा जेम्स यांनी ससा सोडून दिला आणि दाराशी आलेल्या पुरुषाला परत आणलं. एटा जेम्सनं २००० साली, वयाची साठी ओलांडल्यावर, हे गाणं मुद्रित केलं तेव्हा ती बाई पुन्हा घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

२०२२ मध्ये बाझ लर्मनच्या 'एल्व्हिस' चित्रपटात शोन्का डुकुरे या गायिकेनं थॉर्नटनची भूमिका केली. तिचा आवाज इतका अस्सल होता की अनेक तरुण प्रेक्षकांनी थॉर्नटनचं नाव प्रथमच शोधलं. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर महिन्याभरातच डुकुरेचं निधन झालं. त्याच चित्रपटासाठी डोजा कॅटनं 'व्हेगास' हे रॅप गाणं केलं. त्यात थॉर्नटनच्या गाण्याचा धागा घेऊन पुन्हा एका बायकोच्या, प्रेयसीच्या जिवावर जगणाऱ्या पुरुषाला झाडलं आहे. सत्तर वर्षांनी गाण्याचा मूळ विषय नव्या पिढीच्या तोंडी आला. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००४ च्या पाचशे गाण्यांच्या यादीत एल्व्हिसचं 'हाउंड डॉग' १९ व्या क्रमांकावर होतं. २०२१ च्या नव्या यादीत थॉर्नटनचं आलं.

ज्यांना हा सगळा प्रवास स्वतः पडताळायचा आहे त्यांनी या क्रमानं ऐकावं: थॉर्नटन १९५३, रूफस थॉमस, टॉमी डंकन, फ्रेडी बेल, एल्व्हिस आणि शेवटी थॉर्नटन १९६५. सगळं मिळून अर्धा तासही लागत नाही. कायद्यानं गाणं लीबर आणि स्टोलरचं आहे, प्रसिद्धीनं एल्व्हिसचं आहे. माझ्या लेखी ते थॉर्नटनचं आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं १९८६ मध्ये पहिल्याच तुकडीत एल्व्हिस आणि सॅम फिलिप्स यांना मान दिला, १९८७ मध्ये लीबर आणि स्टोलर यांना, १९९४ मध्ये जॉनी ओटिसला, २००० मध्ये स्कॉटी मूरला, २००९ मध्ये बिल ब्लॅक आणि डी. जे. फॉन्टाना यांना. विली मे थॉर्नटनचं नाव तिथं लागलं २०२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी.